चार्ल्स्टन पाहायचे तर सुरुवात कोठून करावी?

मूळ लेखन

दोन दिवसांच्या सुट्टीत शार्लटहून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनला जाऊन आले. पहिला दिवस ईस्ट बे स्ट्रीटवरील रेनबो रोची १३ रंगीत घरे, घोडागाडीची फेरी आणि बंदरावरचा वारा यांत कसा सरला ते कळलेच नाही. दुसऱ्या दिवशी एकेन-रेट हाउसच्या मागच्या अंगणात उभी राहिले, तेव्हा आदला दिवस वाया गेल्याची चुटपुट लागली. पुढे मालकांचे प्रशस्त दिवाणखाने आणि मागे, स्वयंपाकघराच्या माडीवर, गुलामांच्या खोल्या. त्यांना नवे रूप न देता, रंगाचे पोपडे सुटलेल्या भिंतींसह मुद्दाम आहे तसे जपले आहे. ज्या गॅड्सडेन धक्क्यावर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची जहाजे लागत, तेथे २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडले. चार्ल्स्टनची सुरुवात तेथूनच व्हावी, आणि शहराबाहेरचे जुने मळे, ज्यांपैकी काहींवर आज हौसेने लग्ने लागतात, ते पूर्णपणे वगळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रतिसाद

आपली अस्वस्थता समजते, परंतु पहिला दिवस वाया गेला हे मला पटत नाही. १९३१ मध्ये या शहराने जुन्या वस्तीच्या जतनासाठी कायदा केला, तो अमेरिकेतील अशा प्रकारचा पहिला. त्यामुळेच रस्त्याकडे अरुंद बाजू आणि कडेला लांबलचक ओसरी असलेली ती घरे आज आपल्याला पाहता येतात. १८८६ च्या भूकंपानंतर भिंती सावरण्यासाठी आरपार घातलेल्या सळ्यांच्या लोखंडी चकत्याही दिसतात. शहरातल्या काही जुन्या विटांवर बोटांचे ठसे आहेत, ओली वीट उचलणाऱ्या गुलामांचे, त्यांतले कित्येक लहान मुलांचे. मी अशा एका ठशावर आपले बोट ठेवून पाहिले. ते त्यात मावले नाही. देखणे शहर आणि दुखरा इतिहास अशी वाटणी करून दोन दिवस आखले, तर हे ठसे नेमके नजरेतून निसटतात.

दुसरा प्रतिसाद

मळे वगळण्याला माझा ठाम विरोध आहे. शहराची श्रीमंती आली ती भातातून, आणि ते भात कसे पिकत असे हे मळ्यांवर गेल्याशिवाय उमगत नाही. कोकणातील खाजणाचा बांध किंवा गोव्यातील मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, ज्याने पाहिली आहे, त्याला येथील व्यवस्था चटकन कळेल. फरक इतकाच की आपण खारे पाणी बाहेर अडवतो, तर येथे भरतीने नदीत वर चढलेले गोडे पाणी लाकडी दरवाजातून शेतात घेत आणि ओहोटीला सोडून देत. दलदल उपसून हे बांध गुलामांनी घातले, आणि भाताची जाण त्यांच्यातील कित्येकांनी पश्चिम आफ्रिकेतून सोबत आणली होती. जेम्स बेटावरील मॅक्लाउड मळा २०१५ पासून लोकांसाठी खुला आहे; तेथे माहिती देताना मालकांच्या थाटापेक्षा गुलामांच्या आयुष्याला अधिक वेळ दिला जातो. सगळे मळे एकाच मापाने मोजणे हा त्या माहितीवर अन्याय आहे.

मूळ लेखिकेचे उत्तर

मॅक्लाउडबाबत माझे म्हणणे मागे घेते. सिटी मार्केटमध्ये एक गुल्ला, म्हणजे या किनाऱ्यावरील गुलामांच्या वंशजांच्या समाजातल्या, बाई स्वीटग्रास गवताचा वेढ्यावर वेढा टाकत टोपली विणत होत्या. त्या सांगत होत्या की पूर्वी अशाच विणीच्या पसरट टोपल्यांत मळ्यांवर भात पाखडत असत. आपल्याकडचे सूप डोळ्यांसमोर आले, तरी ती टोपली आणि मळा यांचा धागा मला आपला प्रतिसाद वाचल्यावरच जुळवता आला. विटांचेही मान्य, मी त्यांच्याजवळून नुसती छायाचित्रे काढत गेले. क्रमाबद्दल मात्र माझे मत तेच आहे. धक्का आधी पाहिला असता, तर त्याच विटांपाशी मी थांबले असते. आणि ज्या मळ्यावर गुलामांच्या झोपड्या लग्नाच्या छायाचित्रांची पार्श्वभूमी होतात, तेथे मी तिकीट काढणार नाही.