शब्दचर्चा : ‘ताब्यात घेतले’, ‘अटक केली’ आणि ‘कोठडीत रवानगी’

प्रश्न

आमच्या तालुक्यातील एका तरुणाविषयी स्थानिक वृत्तपत्रात पहिल्या दिवशी ‘पोलिसांनी ताब्यात घेतले’, दुसऱ्या दिवशी ‘अटक केली’ आणि त्यानंतर ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’ असे छापून आले. त्याच्या घरच्यांना अधिकृत नोंद पाहायची आहे. हे तीन शब्दप्रयोग एकाच गोष्टीसाठी आहेत की त्यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि वेगळे असल्यास कोणती नोंद कोठे मिळते, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर

हे तीन वेगळे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याची नोंद वेगळ्या ठिकाणी होत असल्याने शब्द नेमका कळल्याशिवाय नोंद सापडत नाही.

‘ताब्यात घेणे’ हा शब्दप्रयोग सर्वांत निसरडा आहे. चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलेला माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातून पकडून आणला जात असलेला संशयित आणि कारागृहातून तपासासाठी हस्तांतरित झालेला आरोपी या तिघांनाही बातमीत ‘ताब्यात घेतले’ असेच म्हणतात. प्रत्येक अटकेत ताबा असतोच, परंतु प्रत्येक ताबा म्हणजे अटक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या दीपक महाजन प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे केवळ ‘ताब्यात’ असलेल्या माणसाचे नाव अटकेच्या यादीत नसणे शक्य आहे. अशा वेळी ठाणे अंमलदाराकडे ठाणे दैनंदिनीत, म्हणजे बोलीत ज्याला स्टेशन डायरी म्हणतात तिच्यात, काय नोंद आहे हे विचारावे. घरच्यांनी ही विचारणा लेखी करून पोच घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे आणि ‘ताबा’ व ‘अटक’ यांच्या वेळांतील तफावतीवरच पुढे वाद होतो.

‘अटक’ या शब्दाला कायद्यात ठरलेले रूप आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अटकेच्या वेळी एक कागद करावा लागतो, ज्याला ठाण्यात सर्रास ‘अटक पंचनामा’ म्हणतात. त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून आणि अटक झालेल्या व्यक्तीची स्वतःची सही असते. कलम ४८ नुसार अटकेची माहिती नातेवाइकांना किंवा त्या व्यक्तीने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते आणि ती कोणाला दिली याची नोंद ठाण्यातील वहीत करावी लागते. घरच्यांना काहीच कळवले गेले नसेल, तर त्या वहीत कोणाचे नाव लिहिले आहे हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

कलम ३७ मुळे प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावणे आवश्यक झाले आहे, आणि ही माहिती डिजिटल स्वरूपातही दाखवता येते. या तरतुदीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात घालून दिलेल्या अकरा निर्देशांत आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपींची माहिती आणि प्रसिद्ध केलेले प्रथम खबर अहवाल पाहण्याची सोय आहे. तेथे शोधताना जिल्हा, ठाणे आणि तारीख नेमकी असावी. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारख्या संवेदनशील प्रकरणांतील अहवाल संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, तेव्हा तो तेथे न दिसणे म्हणजे गुन्हाच नोंदला नाही, असे समजू नये.

‘कोठडी’ या शब्दापूर्वीचे विशेषण फार महत्त्वाचे आहे. ‘पोलीस कोठडी’ असेल तर माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. ‘न्यायालयीन कोठडी’ मिळाली की त्याची रवानगी कारागृहात होते आणि तेथून पुढची नोंद कारागृहाच्या दप्तरात जाते. न्यायालयाच्या आवारात वकील आणि पोलीस यांच्या तोंडी यांसाठी अनुक्रमे ‘पीसीआर’ (पोलीस कस्टडी रिमांड) आणि ‘एमसीआर’ (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) हेच शब्द असतात. ‘आज एमसीआर झाला’ असे वकिलांनी सांगितले, तर पोलिसांचा ताबा तूर्त संपला असून आता ठाण्यात नव्हे तर कारागृहात चौकशी करायची आहे, आणि जामिनासाठी अर्ज करण्याची वेळही बहुधा आली आहे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. आपण उल्लेखिलेला तरुण आता या टप्प्यावर आहे.

कारागृहात गेल्यावरही शब्द बदलतो. खटला संपेपर्यंत तो ‘न्यायबंदी’ असतो, ज्याला बोलीत कच्चा कैदी म्हणतात, आणि शिक्षा झाली तरच तो ‘सिद्धदोष बंदी’ म्हणजे पक्का कैदी होतो. ‘स्थानबद्ध’ हा याहून निराळा प्रकार आहे. महाराष्ट्राच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली प्रतिबंधक उपाय म्हणून ज्याला डांबले जाते तो स्थानबद्ध, आणि त्याचा आदेश न्यायालयात नव्हे तर पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्या कार्यालयात शोधावा लागतो.

शोध घेण्यासाठी सर्वांत भरवशाची किल्ली म्हणजे ‘गु.र.नं.’, अर्थात गुन्हा रजिस्टर नंबर. बातमीत किंवा कागदावर तो क्रमांक, तिरपी रेघ, वर्ष आणि पुढे ‘भा. न्या. सं. कलम ३०३ (२)’ अशा रीतीने लिहिलेला असतो. यात ‘भा. न्या. सं.’ म्हणजे भारतीय न्याय संहिता, आणि हे कलम चोरीचे आहे. ठाण्याचे नाव, हा क्रमांक आणि वर्ष एवढे हाती असले, की ई-कोर्टच्या संकेतस्थळावर त्या गुन्ह्यातील न्यायालयीन प्रकरण शोधता येते.

पुरवणी प्रश्न

मी अमेरिकेत असते. येथे काउंटीच्या कारागृहाची ‘बुकिंग’ यादी रोज प्रसिद्ध होते. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रांतही ‘बुक्ड’ हा शब्द वाचनात येतो. दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द चालेल का?

उत्तर

चालणार नाही. भारतीय इंग्रजी बातमीत ‘बुक्ड’ म्हणजे फक्त ‘गुन्हा दाखल झाला’. त्यात अटक झालेली असेलच असे नाही. अमेरिकेतील ‘बुकिंग’ म्हणजे अटकेनंतर कारागृहात आणून नाव, छायाचित्र, बोटांचे ठसे, आरोप आणि जवळच्या वस्तू यांची केलेली नोंद. बहुतेक काउंट्यांत ते कारागृह शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, अखत्यारीत असल्याने यादीही त्याच्याच संकेतस्थळावर असते. त्यासाठी मी ‘कारागृहदाखल नोंद’ असे लिहीन. आपल्याकडील बातमीसाठी मात्र ‘गुन्हा दाखल’ एवढेच लिहावे. तेथे ‘अटक’ लिहिले, तर ज्याला कोणी हातही लावलेला नाही अशा माणसाच्या माथी अटक मारल्यासारखे होते. दोन्हीकडे त्या माणसाला ‘आरोपी’ म्हणावे; दोष सिद्ध होईपर्यंत ‘गुन्हेगार’ म्हणू नये.

आणखी एक मत

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु वृत्तपत्रांतील ‘जेरबंद’, ‘गजाआड’ आणि ‘मुसक्या आवळल्या’ या प्रयोगांविषयीही लिहायला हवे होते. जेरबंद हा मुळात घोड्याच्या साजातील पट्टा, आणि मुसक्या बांधणे म्हणजे दोन्ही हात पाठीमागे करकचून बांधणे. हे शब्द वाचून माणूस ताब्यात आहे, अटकेत आहे की कारागृहात आहे, यांतील काहीही कळत नाही, आणि घरच्यांना तर नेमके तेवढेच हवे असते. निदान बातमीच्या मजकुरात तरी अटकेची तारीख, ठाणे आणि कोठडीचा प्रकार छापावा.

प्रश्नकर्त्यास शेवटची सूचना

तो तरुण अठरा वर्षांखालील असल्यास यांपैकी कोणत्याही यादीत त्याचे नाव शोधू नये. पोलिसांच्या कागदांत त्याला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात, त्याची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मनाई आहे, आणि त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. तो कोणाकडे आहे, हे पालकांनी ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना विचारावे.