रवांडातील जमीन-नोंदणीमुळे गरीब शेतकऱ्याला खरोखर काय मिळाले?

प्रश्न: २००९ ते २०१३ या काळात रवांडाने एक कोटीहून अधिक भूखंडांची नोंद केली. अवघ्या अर्ध्या-पाऊण एकरावर जगणाऱ्या कुटुंबाची गरिबी अशा कागदाने कमी होते का?

उत्तर १: केवळ कागदाने नाही, मात्र हक्क सुरक्षित वाटल्यावर शेतकरी बांधबंदिस्तीवर आणि मृदसंधारणावर अधिक खर्च करतो, हे तेथे आढळले आहे. हवाई छायाचित्रांवर शेजाऱ्यांच्या साक्षीने, प्रशिक्षित स्थानिक तरुणांकडून हद्दी आखून घेतल्यामुळे खर्चही कमी राहिला. जाणकारांनी चूक असल्यास अवश्य सांगावी, पण माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ त्या साक्षीत होते.

उत्तर २: स्त्रियांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारसाहक्कात समान वाटा दिला आणि नोंदणीत कायदेशीर पत्नीचे नाव पतीबरोबर लागले. परंतु ज्यांचा विवाह सरकारदरबारी नोंदलेलाच नव्हता, अशा असंख्य स्त्रियांचे स्थान प्रारंभी उलट कमकुवत झाले, ही गोष्ट अतिशय क्लेशदायक आहे.

उत्तर ३: पुढील व्यवहारांचाही विचार व्हावा. भूखंड कितीही लहान असला तरी हस्तांतराचे शुल्क ठरावीक असल्याने अनेकांनी खरेदी-विक्री नोंदवलीच नाही. शिवाय एक हेक्टरपेक्षा लहान तुकडे पडतील असे शेतजमिनीचे विभाजन २०१३ च्या कायद्याने रोखले, आणि भावंडांमधील वाटण्या तोंडीच राहिल्या.