पंख आणि पाय एकाच डीएनएतून, मग फरक कोण करतं?

उदगीरची_लेक:
नमस्कार. बी.एस्सी. तिसरं वर्ष, प्राणिशास्त्र. प्रॅक्टिकलला गावरान कोंबडीचं ७२ तास उबवलेलं अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडलं. रक्तवाहिन्यांचं जाळं, मधोमध उडणारा लाल ठिपका आणि अंगाच्या कडेला चार बारीक कोंब. पुढचे दोन पंख होणार, मागचे दोन पाय. भिंगाखाली जवळपास सारखेच! प्रत्येक पेशीत डीएनए तोच, मग हे ठरवतं कोण? पुस्तकात ‘ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर’ एवढ्यावरच भागवलंय.

परभणीचा_मास्तर:
पोरी, लाख मोलाचं विचारलंस. डीएनएवर ठरावीक जागी चिकटून जनुकं चालू-बंद करणारी ही प्रथिनं. पंखाच्या कोंबात टीबीएक्स-५ असतं, पायाच्या कोंबात टीबीएक्स-४ आणि पिटएक्स-१. आधी वाटायचं, टीबीएक्सची ही जोडीच पंख की पाय ते ठरवते. पण उंदरात टीबीएक्स-५ काढलं तर पुढचा पाय उगवतच नाही. २००५ मध्ये त्याच्या जागी टीबीएक्स-४ चालू करून बघितलं. पाय उगवला, पण पुढचाच! म्हणजे ही दोघं उगवण सुरू करून देतात, पायाचा घाट येतो तो मुख्यतः पिटएक्स-१ मुळे. १९९९ मध्ये कोंबडीच्या पंखाच्या कोंबात ते मुद्दाम चालू केलं, तर पंखात पायाची लक्षणं दिसली. वर्गात हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि टीबीएक्स-५ ला जागा दाखवतात हॉक्स प्रथिनं, म्हणजे अंगाचा कोणता भाग कुठं ते ठरवणारी. मागच्या भागात हॉक्स-सी-९ त्याला दाबून धरतं. पाठांतर नको, कोण कुणाला चालू करतं ती साखळी वहीत काढ.

लातूरची_सिस्टर:
सर, टीबीएक्स-५ हृदयातही लागतं ना? आमच्याकडे अंगठा नसलेलं बाळ आलं की डॉक्टर आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावतात.

परभणीचा_मास्तर:
बरोबर, सिस्टर. होल्ट-ओरम सिंड्रोम या जन्मजात आजारात टीबीएक्स-५ च्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत बिघडते, तरी हाताच्या हाडांत दोष येतो आणि बहुतेकदा हृदयाच्या पडद्यातही. पाय मात्र शाबूत. हे जनुक १९९७ ला सापडलं.

सेलूचा_पक्षीवाला:
आमच्या ब्रह्मा कोंबड्यांच्या पायावर पिसं असतात, त्याचं काय?

परभणीचा_मास्तर:
तेच की! पायावर पिसं असलेल्या कबुतरांत पायाच्या कोंबात पिटएक्स-१ कमी पडतं आणि टीबीएक्स-५ नको तिथं चालू होतं. कोंबड्यांतही टीबीएक्स-५ तसंच पायात सापडलंय. लेकी, दादांकडून ब्रह्माची अंडी माग. पिल्लं निघाली की नडगीच्या बाहेरच्या बाजूची पिसं बघ.