आईबाबांना घेऊन एक दिवस आर्ल (दक्षिण फ्रान्स), काय बघू काय सोडू?

भटकी_मैना
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आईबाबा येतायत माझ्याकडे (मी श्टुटगार्टला असते), त्यांना घेऊन प्रोव्हान्सला जायचं ठरलंय, मुक्काम आव्हिन्योंला. त्यातला एक अख्खा दिवस आर्लसाठी ठेवलाय कारण बाबा रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, व्हॅन गॉग म्हणजे त्यांचं दैवत, "त्याने जिथे चित्रं काढली ते गाव बघायचंच" असा हट्ट धरून बसलेत. आई शुद्ध शाकाहारी आणि तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने फार नकोत. गाडी नाही, ट्रेननेच जाणार. नेटवर कोणी म्हणतं अर्ध्या दिवसात उरकतं, कोणी म्हणतं दोन दिवस द्या. शिवाय त्याच सुमाराला तिकडे बैलांचे खेळ असतात म्हणे, आईला रक्तबिक्त बघायला लागू नये एवढंच. कोणी जाऊन आलंय का?

ल्योंकर
एक दिवस व्यवस्थित पुरतो, गाव लहान आहे, आव्हिन्यों सेंत्रहून लोकल ट्रेनने वीसेक मिनिटं. (आव्हिन्योंला दोन स्टेशनं आहेत, टीजीव्हीचं (वेगवान गाड्यांचं) वेगळं, तिकडे जाऊन बसू नका.)

पण बाबांना एक गोष्ट आधीच सांगून ठेव नाहीतर हिरमोड होईल. व्हॅन गॉग फेब्रुवारी 1888 ला आर्लला आला आणि मे 1889 ला गेला, तेवढ्यात दोनशेच्या आसपास पेंटिंग्ज केली, ड्रॉइंग्ज वेगळीच, आणि त्यातलं एकही पेंटिंग आज गावाच्या मालकीचं नाही. त्याच्या नावाचं फाउंडेशन आहे, 2014 ला सुरू झालं, ते बाहेरून उसनी आणून थोडीफार लावतात आणि बाकी सगळी आजच्या आर्टिस्ट लोकांची प्रदर्शनं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी वेबसाइटवर बघून घे सध्या काय लागलंय. तो राहायचा ते प्रसिद्ध पिवळं घरही नाही, जून 1944 च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. पण स्टेशनवरून गावात जाताना प्लास लामार्तिन हा चौक लागतो, ते घर तिथेच होतं, आणि चित्रात त्याच्या मागे जी उंच इमारत दिसते ती अजून उभी आहे. बाबांच्या हातात चित्राची प्रिंट दे आणि त्यांनाच शोधू दे, मास्तर खूश होतील. तिथून दोन मिनिटांवर ऱ्होनचा काठ, ताऱ्यांच्या रात्रीचं नदीवरचं चित्र इथलंच (मूळ चित्र पॅरिसला, ऑर्से म्युझियममध्ये). कान कापून घेतल्यावर ज्या हॉस्पिटलात होता त्याचं आवार आता एस्पास व्हॅन गॉग म्हणून आहे, मधली बाग त्याच्या चित्राप्रमाणे परत लावलीय. आत जायला पैसे नाहीत आणि बसायला जागा आहे, आईसाठी बेस्ट.

आता माझं मत. आर्लला व्हॅन गॉग हे निमित्त, खरा ऐवज रोमन आहे. अँफिथिएटर साधारण इ.स. 90 चं, वीसेक हजार माणूस बसायचं. रोमन साम्राज्य बुडाल्यावर लोकांनी त्याचाच किल्ला केला, कमानी बुजवल्या, वर टेहळणीचे बुरुज चढवले आणि आत चक्क वस्ती झाली, दोनशेच्या वर घरं आणि दोन चॅपल! ती घरं हटवली एकोणिसाव्या शतकात, म्हणजे अगदी अलीकडे. चारपैकी तीन बुरुज अजून आहेत, एकावर चढता येतं, तिथे तू आणि बाबा जा, आईला खालच्या रांगेत बसव.

आणि सँ त्रोफीम चर्च चुकवू नका. आत नंतर, आधी दरवाजासमोर उभे राहा. बाराव्या शतकातलं कोरीवकाम आहे, मध्यभागी ख्रिस्त न्यायाला बसलाय, एका अंगाला पुण्यवान मंडळी अंगभर कपडे घालून ओळीने उभी आणि दुसऱ्या अंगाला पापी उघडेनागडे, सगळ्यांना मिळून एकच साखळी, आणि आगीतून चाललीय वरात. ती साखळी माणसामाणसामधून कशी फिरवलीय ते नीट बघा. दरवाजाचं तोंड पश्चिमेला आहे म्हणून दुपारनंतर जा, सकाळी सगळं सावलीत असतं.

तिरकस_पुणेकर
मी आर्लला फार डोक्यावर घेणार नाही. व्हॅन गॉगच्या नावावर मग आणि मॅग्नेट विकणारं गाव झालंय. प्लास द्यु फोरम या चौकातल्या ज्या कॅफेचं त्याने रात्रीचं चित्र काढलं, त्या कॅफेची भिंत चित्रासारखी दिसावी म्हणून पिवळी रंगवली, अरे पण चित्रात पिवळा आहे तो रात्रीच्या गॅसच्या दिव्याचा उजेड! भर दुपारी बारा वाजता त्याच्यासमोर सेल्फीला लाइन. सकाळी आर्ल उरका आणि दुपारी ट्रेनने नीमला जा, तिथलं रोमन देऊळ, मेझाँ कारे, शाबूत उभं आहे, एवढं चांगलं राहिलेलं फार कमी ठिकाणी दिसतं.

ल्योंकर
@तिरकस, कॅफेबद्दल शंभर टक्के सहमत, तिथे कॉफीसुद्धा घेऊ नका. पण गुडघेदुखीवाल्या माणसाला एका दिवसात दोन गावं? त्यापेक्षा दुपारी आर्लमधलंच आर्केऑलॉजी म्युझियम करा (मंगळवारी बंद असतं). गावाच्या टोकाला नदीजवळ निळी इमारत आहे, जायला टॅक्सी किंवा बस घ्या. तिथे 31 मीटर लांब रोमन होडी आहे, सपाट बुडाची, 2004 मध्ये ऱ्होनच्या गाळात सापडली आणि 2011 ला तुकडे करून वर काढली. दगड वाहायची होडी होती, दगडांसकट बुडालेली. आणि मागच्या बाजूला खलाशांची स्वयंपाकाची जागा, अर्ध्या रांजणाची केलेली चूल. पुतळे बघून बघून डोळे थकतात पण त्या चुलीशी माणूस थांबतोच. फोरमच्या (रोमन काळातल्या मुख्य चौकाच्या) खालची भुयारं (क्रिप्टोपोर्टिकस, वाट नगरपालिकेच्या इमारतीतून) आईला नको, पायऱ्या आणि ओल दोन्ही.

सांगलीकर_तुलूझ
बैलांचं मी सांगतो. पोस्टर नीट वाचायचं. "कोरिदा" लिहिलं असेल तर स्पॅनिश पद्धत, बैल मारतात, तिकडे फिरकू नका. "कूर्स कामार्गेज" लिहिलं असेल तर बिनधास्त जा, यात बैलाला मारत नाहीत. पांढऱ्या कपड्यातली पोरं, त्यांना राझेतर म्हणतात, हातात छोटा आकडा घेऊन बैलाच्या शिंगांना बांधलेला गोंडा, दोरी काढायला धावतात आणि बैल मागे लागला की कठड्यावरून पलीकडे उडी. बैलाने चांगला खेळ केला की बँडवर कार्मेन या ऑपेराची धून वाजते, ती बैलासाठी, पोरांसाठी नाही! पोस्टरवर बैलांची नावं ठळक. आपल्याकडे शर्यतीच्या बैलाचं नाव अख्ख्या तालुक्याला पाठ असतं ना, सेम. सप्टेंबरमध्ये फेरिया द्यु री असतो, कामार्गच्या (आर्लजवळच्या ऱ्होनच्या त्रिभुज प्रदेशाच्या) भाताच्या कापणीचा उत्सव, साधारण दुसऱ्या वीकेंडला. त्यात कोरिदा असतात आणि गर्दी मरणाची, तेव्हा तो वीकेंड टाळा म्हणजे झालं.

खादाड_काकू
शाकाहारी आईसाठी दोन शब्द. मेन्यूवर "तोरो" किंवा "गार्दियान" दिसलं की ते बैलाचं मांस, तिथली खासियतच आहे. काळ्या ऑलिव्हची चटणी येते ब्रेडबरोबर, तापनाद, दिसायला निरुपद्रवी पण त्यात अँचोव्ही मासा घालतात, विचारल्याशिवाय आईला देऊ नकोस. फुगास ब्रेडमध्ये पण कधी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, साधा ऑलिव्हवाला माग. शनिवारी जाणार असाल तर बुलव्हार दे लिसवर मोठा बाजार भरतो, दुपारी बाराच्या पुढे आवरायला लागतात. चीज, अंजीर, टोमॅटो, ब्रेड घ्या आणि शेजारच्या बागेत बसून जेवा, रेस्टॉरंटची कटकटच नाही. रेस्टॉरंटला जायचंच तर साडेबाराला जाऊन बसा, दोननंतर किचन बंद म्हणजे बंद. कामार्गचा लाल तांदूळ घेऊन ये, पण शिजायला वेळ लागतो, कुकरला लाव.

भटकी_मैना
किती मस्त माहिती दिलीत सगळ्यांनी, धन्यवाद! मग शनिवार पक्का, फेरियाचा सोडून. सकाळी पिवळं घर आणि नदी, मग बाजार, जेवण, दुपारी सँ त्रोफीम, आणि आईला जमलं तर टॅक्सीने होडीवालं म्युझियम. बाबांना चित्रं नाहीत हे सांगितलं, ते म्हणाले मला माहितीये, मला उजेड बघायचाय. बरं एक राहिलं, तो तिकडचा मिस्त्राल वारा (गार आणि जोराचा म्हणतात) खरंच एवढा वाईट असतो का? आईला स्कार्फ पुरेल?

सांगलीकर_तुलूझ
स्कार्फ उडून जाईल. कानटोपी आणि विंडचीटर घ्या. आणि बाबा स्केचबुक काढणार असतील तर कागदाला क्लिपा पाहिजेतच, व्हॅन गॉग स्वतः ईझलचे पाय जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा तिथे.