मेनिएरचे झटके कमी झाले, पण तोल सावरत नाही. काय करावं?

हलकं_पाऊल
आईचं वय ६४, उजव्या कानाला मेनिएर (अंतर्कर्णाचा, गरगरण्याचे झटके देणारा आजार), निदान होऊन चार वर्षं झाली. आधी महिन्यातून दोनदा दोन-तीन तास गरगरून उलट्या व्हायच्या. गेल्या दहा महिन्यांत तसा मोठा झटका एकच. पण एरवीही तोल नाही. अंधारात भिंत धरून चालते, डोक्यावरून पाणी घेताना झोक जातो, भाजीबाजारात इकडे-तिकडे बघत चाललं की होडीत असल्यासारखं वाटतं. शिवाय कुशीवर वळताना कधीकधी काही सेकंद खोली फिरते. चक्करेच्या दोन गोळ्या आहेत: बीटाहिस्टीन १६ मिग्रॅ. दिवसातून तीनदा, आणि सिनॅरिझिन २५ मिग्रॅ. रात्री, तीही वर्षभर. नातेवाईक म्हणतात मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे, पट्टा लाव. व्यायामाने फरक पडतो का, मीठ नेमकं किती, आणि बाथरूमचं काय करायचं?

तोलकाटा
आधी तिन्ही त्रास वेगळे करा. आपल्याकडे भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी सगळं 'चक्कर' या एकाच डब्यात जातं आणि मग गोळीही एकच मिळते.

दोन-तीन तासांचं गरगरणं, सोबत कान दडपणं आणि घूं आवाज, हा मेनिएरचा झटका. कुशीवर वळताना काही सेकंद खोली फिरणं हा बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. मेनिएरवाल्यांना हे जोडीला होऊ शकतं. त्यावर गोळी नाही, कण परत जागेवर नेणं हाच उपाय. अंधारातला झोक तिसरा प्रकार: उजव्या कानाची तोलाची ताकद घटली आहे आणि मेंदूने ती तूट अजून भरून काढलेली नाही. तोलाला तीन आधार असतात, कान, डोळे आणि तळपाय-सांधे. अंधारात डोळ्यांचा आधार गेला, मऊ गादीवर तळपायांचा गेला, की उरतो तो दुबळा कान. डोक्यावर तांब्या ओतताना तर डोळे मिटलेले, मान कललेली, फरशी ओली, सगळं एकाच वेळी.

व्यायाम या तिसऱ्या प्रकारासाठी. दर आठवड्याला झटके येत असते तर मी थांबा म्हटलं असतं, कारण कानाची पातळीच रोज बदलते आणि मेंदूला कशाशी जुळवून घ्यायचं ते कळत नाही. तुमच्याकडे दहा महिन्यांत एकच झटका आहे, वेळ योग्य आहे.

मुख्य व्यायाम नजर स्थिर ठेवण्याचा. कोऱ्या कागदावर एकच अक्षर, साधारण एक सेंटिमीटर उंच, भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला चिकटवा. आईंना एक मीटरवर बसवा. नजर अक्षरावर, डोकं डावी-उजवीकडे २०-३० अंश. अक्षर स्पष्ट दिसतं तोवरच वेग वाढवायचा. एक मिनिट, थोडी विश्रांती, मग तसंच वर-खाली. पहिला आठवडा बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून. त्रास जुना असल्यामुळे दिवसभरात एकूण किमान २० मिनिटं लागतात, तीन ते पाच वेळा विभागून, चार ते सहा आठवडे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: सकाळी दोन मिनिटं करतात आणि महिन्याने 'फरक नाही' म्हणून सोडतात. करताना थोडं गरगरायलाच हवं. पण थांबल्यावर १५-२० मिनिटांत निवळलं पाहिजे. तासभर टिकलं तर वेग आणि वेळ निम्मा करा.

दुसरा व्यायाम खोलीच्या कोपऱ्यात. पाठ कोपऱ्याकडे, समोर खुर्ची, शेजारी घरातलं कोणीतरी. पाय जुळवून ३० सेकंद. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की चौघडी गोधडीवर, पुन्हा डोळे उघडे ठेवून सुरुवात. बाजारातल्या त्रासासाठी पॅसेजमध्ये चालताना दर तीन पावलांना मान डावीकडे, मग उजवीकडे.

पट्टा नकोच. मेंदूला ही भरपाई शिकायला हलणारं डोकं लागतं, आणि पट्टा तेच बंद करतो.

गोळी_कमी
वरच्यात एक जोडतो. रात्रीची सिनॅरिझिन वर्षभर चालू आहे, ती असेपर्यंत व्यायामाचा अर्धा फायदा वाया जाईल. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं तोलाचे संदेश दाबतात. झटक्याच्या दिवशी ती हवीतच, पण झटका ओसरला की दोन-तीन दिवसांत बंद व्हायला हवीत. दाबलेल्या संदेशांवर मेंदू काही शिकत नाही. साठीनंतर ही दीर्घकाळ घेतली तर हात थरथरणं, पावलं आखूड होणं, अंग ताठरणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, आणि मग तोल आणखी बिघडला म्हणून डोस वाढतो! आईंची पावलं अलीकडे घसटत पडत असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. परस्पर बंद करू नका, पण 'ही कधी थांबवायची' हा प्रश्न पुढच्या भेटीत पहिला विचारा.

बीटाहिस्टीनबद्दल माझं मत थंड आहे. २०१६च्या मोठ्या जर्मन चाचणीत मेनिएरच्या झटक्यांवर ती आणि औषध नसलेली नुसती दाखवायची गोळी यांत फरक दिसला नव्हता.

तोलकाटा
सिनॅरिझिनचं पटलं. बीटाहिस्टीन मात्र संदेश दाबणाऱ्यांतली नाही, त्यामुळे ती चालू असताना व्यायाम करायला हरकत नाही. आधी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

खारट_हिशेब
मीठ. मेनिएरमध्ये मीठ कमी केल्याने झटके घटतात याचा पुरावा भक्कम नाही, पण डॉक्टर सहसा दिवसाला १५०० ते २००० मिग्रॅ. सोडियम सांगतात. ५ ग्रॅम मिठात साधारण २००० मिग्रॅ. सोडियम असतं, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही दिवसभराचा सगळा मिळून.

चमच्याने मोजत बसू नका, पुडा मोजा. एक किलोच्या पुड्यावर उघडल्याची तारीख लिहा. चौघांच्या घरात तो ३० दिवसांत संपला तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय. ५० दिवस पुरला तर पाच ग्रॅम. यात बाहेरचं फरसाण, ब्रेड, सॉस धरलेलं नाही.

खरी चोरी मिठाच्या डब्याबाहेर होते: लोणचं, पापड (त्यातला पापडखारही सोडियमच), खारातल्या मिरच्या, सुकी मासळी, ढोकळ्यातला सोडा. खायच्या सोड्याच्या एका चमच्यात साधारण १२०० मिग्रॅ. सोडियम! पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद करा, त्याची उणीव आठवड्याभरात जाणवेनाशी होते. आमटीत चिंच-कोकम वाढवलं की मीठ कमी कळतं.

आणि रोज साधारण तेवढंच ठेवा. सहा दिवस अळणी आणि रविवारी भेळ-पापड, यापेक्षा रोजचे पाच ग्रॅम बरे.

हलकं_पाऊल
खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका. शेजारच्या काकू म्हणतात सैंधव चालतं, आई ते चार महिने वापरतेय. आणि बीपीपीव्हीसाठी व्हिडिओ बघून घरी एपली (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागेवर नेण्याची पद्धत) करावं का?

खारट_हिशेब
सैंधवातही जवळपास तेवढंच सोडियम असतं. उपवासाला चालतं, कानाला सूट देत नाही. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

तोलकाटा
पहिल्या वेळी घरी नको. कोणता कान आणि कोणती नलिका हे आधी डिक्स-हॉलपाइक तपासणीत (डोकं वळवून झटकन आडवं करून) डोळ्यांची थरथर बघून ठरतं. एपली मागच्या नलिकेसाठी आहे, आडव्या नलिकेची पद्धत वेगळी. चुकीच्या बाजूने केलं तर नुसतं गरगरणं पदरी. मेनिएर उजवीकडे म्हणून कणही उजवीकडचे असं गृहीत धरू नका. एकदा समोर करून घेतलं, बाजू कागदावर लिहून घेतली, की पुढच्या वेळी घरी करता येतं: डोकं त्या बाजूला ४५ अंश वळवून आडवं व्हायचं, प्रत्येक स्थितीत ३० ते ६० सेकंद.

त्रास परत परत होत असेल तर ड जीवनसत्त्व तपासा. रक्तात ते मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असताना कॅल्शियमसोबत भरून काढल्यावर पुनरावृत्ती कमी झाल्याचं २०२०च्या कोरियातल्या चाचणीत दिसलं आहे.

स्क्रू_आणि_प्लग
बाथरूम. पाण्याची बादली जमिनीवर नको, स्टुलावर. वाकून वर येण्यातच तोल जातो. आईंनीही बसूनच आंघोळ करायची, चार पायांच्या रुंद, रबरी बुडाच्या प्लास्टिक स्टुलावर. केस धुताना मान मागे न टाकता हँडशॉवर वापरा. भिंतीला आधाराची दांडी, जमिनीपासून ८५-९० सेंमी, स्क्रूने बसवलेली. सक्शनने (हवा दाबून) चिकटणारी रबरी बुडाची दांडी टाइल्सवरून अचानक सुटते, आणि टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलायला नसतोच.

पलंगापासून संडासापर्यंत छोटे दिवे. प्लगचे लावले तर वीज गेली की तेही जातात, म्हणून निदान एक चार्ज होणारा, हालचालीने लागणारा घ्या. पायपुसणी काढा किंवा खाली रबर लावा. घरातल्या चपला पातळ, टणक तळाच्या. जाड स्पंजच्या चपलांत तळपायाला जमीन कळत नाही. चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असेल तर जिन्यावर खालच्या पायऱ्या पुसट दिसतात, उतरताना हनुवटी खाली घ्यायची.

आणि रोज वर लागणारा डबा माळ्यावरून खाली आणा. मान वर करून हात उंच नेणं हीच बीपीपीव्हीची आवडती वेळ.

गोळी_कमी
एक राहिलं. कोणतीही सूचना न देता, शुद्धीवर असतानाच धाडकन खाली पडणं, कोणी ढकलल्यासारखं, हा मेनिएरचाच एक प्रकार आहे. एकदा जरी झालं तरी ईएनटीला लगेच कळवा, आणि तोवर गॅससमोर व जिन्यावर एकटं नको. गरगरण्यासोबत जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, किंवा उभंच राहता न येणं असेल तर तो कान समजू नका, १०८ला फोन करा. कान अचानक बंद झाल्यासारखा बहिरा झाला तर 'मेनिएरच आहे' म्हणून आठवडाभर थांबू नका. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त असतो, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करून घ्या.