‘संपादकीय’ म्हणजे नेमके काय? बातमी, अग्रलेख आणि मत

प्रश्न (रामबाग, इंदूर)

मंडळाच्या वार्षिकासाठी मी एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करीत आहे. वृत्तपत्रात बातम्या देणारे आणि मत मांडणारे स्वतंत्र असावेत, असा लेखाचा विषय आहे. मी लिहिले, ‘बातमी विभाग आणि संपादकीय विभाग वेगळे असतात.’ मुद्रिते तपासणाऱ्या आमच्या वहिनी माहेरच्या पुण्याच्या. त्यांनी या वाक्याखाली लाल रेघ ओढून समासात विचारले, ‘मग बातमीदार कोणत्या विभागात बसतात?’ आमचा जन्म हिंदी दैनिके वाचण्यात गेला, त्यामुळे संपादकीय म्हणजे आतल्या पानावरचा मताचा लेख, एवढेच आम्हाला ठाऊक. चूक कुठे झाली?

उत्तर

वहिनींची शंका रास्त आहे. ‘संपादकीय’ हे मुळात विशेषण आहे: संपादकाचे, संपादनाशी संबंधित. त्यामुळे ‘संपादकीय विभाग’ म्हटले की बातमीदार, उपसंपादक, वृत्तसंपादक आणि अग्रलेख लिहिणारे असे सगळेच त्यात येतात. बाहेर राहतात ते जाहिरात, वितरण आणि छपाई सांभाळणारे. ‘संपादकीय पान’ म्हणताना मात्र तोच शब्द आक्रसतो आणि मतांच्या पानापुरता उरतो. हिंदीत त्याचे सरळ नाम झाले, आणि इंदुरात आपण ते नाम तसेच मराठीत आणले. महाराष्ट्रातही ते आता रुळले आहे, पण त्या अर्थाचा नेमका शब्द अग्रलेख हाच. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा ‘केसरी’तला १८९७ सालचा अग्रलेख, त्याला संपादकीय म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. अग्रलेखाखाली सहसा नाव नसते, कारण ते पत्राचे मत समजले जाते. शेजारच्या सहीच्या लेखातले मत ज्याचे त्याचे.

व्यापक अर्थाला कायद्याचाही आधार होता. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्याने संपादकाची व्याख्या केली ती अंकात काय छापायचे याची निवड ज्याच्या हाती असते तो, अशी. तिथे बातमी आणि मत असा भेद नाही. आपल्या हिंदी दैनिकांत अगदी तळाशी, भिंग लावून वाचावे अशा टायपात, ‘समाचार चयन के लिए उत्तरदायी’ असे छापलेले असते, ते त्यातूनच आले.

इंग्रजी ‘एडिटोरिअल’ही असाच दुहेरी आहे, म्हणून आपल्या लेखातली सीमा कोणती ते आधी पाहावे. अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांत अग्रलेखांचे मंडळ निराळे असते आणि त्याने एखाद्या उमेदवाराला पाठिंबा दिला, तरी त्या निर्णयात वार्ताहरांचा हात नसतो. लेखात हे असेल तर ‘वृत्तविभाग आणि अग्रलेख विभाग’ म्हणावे. जाहिरातदारांपासूनचे अंतर अभिप्रेत असेल, तर आपला ‘संपादकीय विभाग’ बरोबर, पण मग त्याच्यासमोर ‘जाहिरात विभाग’ हवा.

आणखी एक मत (सुदामानगर)

विभाग वेगळे केले तरी शब्द कुंपण ओलांडतातच. ‘वृत्त’ म्हणजे घडलेले, आणि ‘वार्ताहर’ म्हणजे वार्ता वाहून आणणारा. त्यात भर घालणे त्याचे काम नव्हे. तरीही ‘अखेर रस्ता दुरुस्त झाला’ अशी बातमी आपण रोज वाचतो. त्यातला ‘अखेर’ हा अग्रलेखातला शब्द आहे. काम दोन वर्षे रखडले असेल तर ‘दोन वर्षांनी’ असे लिहावे. वाचकाला काय वाटायचे ते वाटेल. ‘चक्क’, ‘केवळ’ आणि ‘म्हणे’ यांचेही तेच. ‘म्हणे’ तर इतका सोयीचा की बातमीदार काही न बोलता समोरच्याला खोटे ठरवून मोकळा होतो.

प्रश्नकर्त्याकडून

आभारी आहे. लेखातली सीमा बातमी आणि मत यांच्यामधलीच आहे, म्हणून ‘वृत्तविभाग आणि अग्रलेख विभाग’ असे केले. वहिनींना ते मान्य झाले. त्यानंतर भाषांतर पुन्हा वाचले, तेव्हा मूळ लेखात नसलेला ‘अखेर’ मी तीन ठिकाणी घातलेला सापडला. तिन्ही खोडले आहेत.