जुन्या टॉमचा रंग संचाशी जुळवण्यासाठी त्याचे मूळ रॅप काढावे का?

लयवेडा

माझ्याकडे लडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीचे १९६० च्या दशकातले दोन ड्रम आहेत: २० इंची बेस ड्रम आणि १४ इंची फ्लोअर टॉम. दोन्ही सिल्व्हर स्पार्कल रंगात आहेत. बरीच वर्षे शोधल्यावर त्याच काळातला १२ बाय ८ इंची टॉम (बेस ड्रमवर बसणारा छोटा ड्रम) अखेर हाती लागला आणि कंपनीच्या ‘डाउनबीट’ संचाची मापे पूर्ण झाली. अडचण एकच आहे. हा टॉम व्हाइट मरीन पर्लमध्ये आहे आणि त्याचा पांढरा रंग आता जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला आहे. आधीच्या कोणा मालकाने वेगळा माउंट (ड्रम धरून ठेवणारा आधार) बसवण्यासाठी शेलला (ड्रमच्या लाकडी नळकांड्याला) दोन जादा छिद्रेही पाडली आहेत. आतला पांढरा रंग मात्र शाबूत असून त्यावर १९६५ सालच्या तारखेचा लाल शिक्का स्वच्छ वाचता येतो.

जुने रॅप, म्हणजे शेलवर चिकटवलेले रंगीत आवरण, काढून सिल्व्हर स्पार्कलचे नवे रॅप लावावे, असे मनात आहे. संच एकसंध दिसावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे, पण ते जुने रॅप उचकटण्याचा विचार आला की हात थांबतो. तुमचे मत काय?

जुनीथाप

कृपया काढू नका. लाकडाला पडलेले छिद्र बुजवता येते आणि गंजलेला स्क्रू बदलता येतो, पण साठ वर्षांपूर्वी कारखान्यात चिकटवलेले सेल्युलॉइड एकदा निघाले की ते पुन्हा कोणालाही लावता येत नाही. लडविगच्या त्या काळातल्या बऱ्याच शेलमध्ये रॅपचे टोक बाहेरच्या थराच्या सांध्यात आत दाबलेले असते. रॅप ओढून काढताना त्या सांध्यातले लाकूड निघते, नाहीतर रॅप कापून त्याची एक पट्टी कायमची आत ठेवावी लागते. सांध्यावर भिंग धरून पाहिलेत तर रॅप लाकडात शिरलेले तुम्हाला स्पष्ट दिसेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, एवढे करूनही रंग जुळणार नाही. तुमच्या दोन ड्रमवरची चंदेरी चकाकी साठ वर्षांच्या उजेडाने बदललेली आहे. नवे रॅप तिच्याशेजारी कोरे आणि थंड दिसेल. आज पांढरा टॉम वेगळा आहे हे पाहणाऱ्याला सरळ कळते आणि त्यात खटकण्यासारखे काही नाही. उद्या तो जवळपास जुळणारा पण न जुळलेला दिसेल आणि ते डोळ्यांना जास्त खुपेल. मग उरलेल्या दोघांचेही रॅप बदलावेसे वाटेल. एका टॉमसाठी तीन मूळ ड्रम जातील.

तालमीतला

मला हे पटत नाही. हा टॉम अस्पर्श राहिलेला नाही, त्याला दोन छिद्रे आधीच पडली आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य त्या दिवशीच उतरले, त्यामुळे आता तो वाजवणाऱ्याचा ड्रम आहे आणि वाजवणाऱ्याच्या गरजेने त्याचा विचार झाला पाहिजे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार अमेरिकन दूरचित्रवाणीवर ऑयस्टर ब्लॅक पर्लचा लडविग संच घेऊन दिसला आणि त्यानंतर मागणी इतकी वाढली की या कारखान्यातून फार मोठ्या संख्येने ड्रम बाहेर पडले. त्यामुळे हे एकुलते एक हस्तलिखित असल्यासारखे बोलणे मला योग्य वाटत नाही. वादकांनी आपले ड्रम त्या काळातही बदलले, छिद्रे पाडली, रंग दिले, आणि म्हणूनच ते आजवर वाजत राहिले.

संच एकसंध दिसण्याची इच्छाही क्षुल्लक नाही. आपण ज्या वाद्यामागे तासन् तास बसतो ते पाहून मन प्रसन्न व्हावे, याचा वाजवण्याशी संबंध आहे असा माझा अनुभव आहे. रॅप बदलायचे असेल तर ते नीट जाणणाऱ्या माणसाकडून बदलून घ्यावे, एवढीच माझी अट आहे.

रंधा

मी लाकूडकाम करतो आणि असे काही शेल माझ्या हातून गेले आहेत. आधी एक इशारा देतो. इंटरनेटवर रॅप काढताना हीट गन वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या रॅपपैकी काही नायट्रेट सेल्युलॉइडची असतात आणि ती झपाट्याने पेट घेतात. आपले रॅप कोणत्या जातीचे आहे याची खात्री नसेल तर त्याच्याजवळ उष्णता नेऊच नये.

आता मूळ प्रश्न. तुम्ही दोघेही रंगाबद्दल बोलत आहात, पण संच जुळवण्याच्या नादात खरे नुकसान होते ते बेअरिंग एजवर, म्हणजे हेड (वाजवायचा पडदा) शेलच्या ज्या कडेवर टेकते तिथे. शेल कार्यशाळेत गेलेच आहे तर कडाही नव्याने कापून घ्याव्यात, असे पुष्कळांना वाटते. त्या काळातल्या लडविगच्या कडा गोलसर असतात आणि आत मजबुतीची रिंग असते. हेडचा जास्त भाग लाकडाला टेकतो, म्हणून नाद लवकर मिटतो आणि थापेला उबदार, दाट स्वर येतो. तिथे आजची धारदार ४५ अंशांची कड कापली की नाद लांबतो, वरचे स्वर उघडे पडतात आणि तो टॉम आपल्याच संचात परका होतो. तुमचे तिन्ही ड्रम आवाजाने आज एकाच घराण्यातले आहेत. रंगासाठी ते नाते तोडू नका. कड खरोखर वाकडी झाली असेल तर सपाट दगडावर ठेवून आत दिवा लावावा आणि जिथून उजेड झिरपेल तेवढीच जागा हलक्या हाताने घासावी.

जुन्यावरच नवे रॅप चढवावे, असेही कोणी सुचवेल. रॅपची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे व्यास सुमारे एक मिलिमीटरने वाढतो. मग हेड शेलवर मोकळे बसत नाही आणि ट्यूनिंग अडखळते.

तालमीतला

कडांबद्दल पूर्ण सहमत आहे, त्यांना हात लावण्याचे समर्थन मी करणार नाही. रॅपबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. निदान ती दोन छिद्रे तरी नीट बुजवा. आणखी नवे छिद्र पाडायचे नसेल तर हूपच्या (हेड दाबून धरणाऱ्या कड्याच्या) स्क्रूंना धरून ड्रम तोलणारा सस्पेन्शन माउंट वापरा.

लयवेडा

सर्वांचे आभार. काल रात्री टॉमचा एक लग (हेड ताणणारा स्क्रू ज्यात बसतो तो शेलवरचा धातूचा तुकडा) काढून पाहिला. त्याच्याखाली लगच्याच आकाराचा एक ठसा होता आणि तेवढ्या जागेत रॅप अजून दुधासारखे शुभ्र होते, मोत्याच्या लाटाही १९६५ साली असतील तशाच होत्या. सांध्यावर भिंग धरले तेव्हा रॅपचे टोक लाकडात शिरलेलेही दिसले. तालमीतला, तुमचा युक्तिवाद मला पटला होता आणि आजही तो चुकीचा वाटत नाही. पण तो ठसा पाहिल्यावर हे रॅप माझ्या हातून निघणार नाही. लग परत बसवला आहे. छिद्रे बुजवण्यासाठी रंधा यांना वेगळे लिहितो, आणि पांढऱ्या पर्लमधला २० इंची बेस ड्रम कोणाकडे असल्यास मला जरूर कळवा.

जुनीथाप

बेस ड्रम मिळाला तरी तो याच्याइतकाच पिवळा असेल असे समजू नका. कोणता ड्रम किती उजेडात राहिला यावर ते ठरते. आधी लगखालचा ठसा पाहा, मगच घ्या.